तुझे पट्टे कुणी बघायचे, दादा?

दादा, काल तुझी शोकसभा झाली आणि माणसं एकामागून एक उठून खोटं बोलून गेली. सेक्टरच्या कम्युनिटी सेंटरमध्ये पांढऱ्या चादरी, हेल्मेट घातलेला तुझा हसरा फोटो, त्याला झेंडूचा हार. जो तो फोटोला हात जोडायचा, माइक घ्यायचा आणि म्हणायचा, "हवा ने धोखा दे दिया." तुझे आयटी पार्कमधले सहकारी हेच म्हणाले, शेजारचे अंकल हेच म्हणाले. ज्या गृहस्थांनी तुला फक्त लिफ्टमध्ये पाहिलं होतं तेसुद्धा बराच वेळ हवेवर बोलले. मी पहिल्या रांगेत स्मितावहिनीच्या शेजारी मूग गिळून बसले होते, कारण तसा शब्द दिला होता. पण अंगाचा नुसता तिळपापड होत होता. त्या सकाळी वारा कसा होता ते मला माहीत आहे. तुझ्या आधी उडालेल्या मुलाचा व्हिडिओ मी पाहिलाय. त्यात मागे तुझा विंडसॉक दिसतो, वाऱ्याची दिशा दाखवणारा तो लांब कापडी मोजा. काठीला चिकटून मुकाट लोंबतोय. वारा नव्हताच.

आणखी एक वाक्य होतं, ते तर मला ऐकवेना. "अपना शौक पूरा करते हुए गए, ऐसी मौत नसीबवालों को मिलती है." नशीबवान म्हणे! तुला उडायला आवडायचं. पडायला कधी आवडलं होतं? तू त्या सकाळी घरी येऊन पोहे खाणार होतास. ओवीच्या सायन्सच्या मॉडेलला गोंद लावून देणार होतास. दुपारी मला फोन करून क्रिकेटवरून माझं डोकं खाणार होतास, मला त्यातलं काही कळत नाही हे ठाऊक असून. अकरा वर्षांची पोर मागे ठेवून गेलेल्या माणसाला नशीबवान म्हणणाऱ्याचा माइक काढून घ्यावा असं मला वाटलं. मी घेतला नाही.

लोकांना अजून नीट कळलेलंही नाही की तू करत काय होतास. कुणी म्हणतं विमान, कुणी म्हणतं पॅराशूट. मी समजावून समजावून दमले. पॅरामोटर म्हणजे पाठीवर गोल जाळीत बसवलेलं इंजिन आणि त्याचा पंखा, डोक्यावर कापडाचा मोठा पंख, मधे बारीक दोऱ्या, आणि या सगळ्याला माणूस बांधलेला. बांधलेला कशाने, तर हार्नेसच्या पट्ट्यांनी. छातीवरचा एक, मांड्यांचे दोन. पाय जमिनीवरून सुटले की माणसाचं सगळं वजन मांड्यांच्या पट्ट्यांवर येतं. छातीचा पट्टा नुसता खांदे जागेवर ठेवतो, तो माणसाला पेलत नाही. हे मला कुणी शिकवलं? तूच.

तर त्या रविवारी काय झालं ते मी एकदा सरळ लिहून टाकते, म्हणजे निदान एका ठिकाणी खरं राहील. रोपडच्या बाजूला नदीकाठचं तुमचं ते पडीक रान. सकाळचं ऊन नुकतं आलेलं. तुझ्याकडे उडायला शिकणाऱ्या प्रत्येक मुलासमोर तू उकिडवा बसलास, प्रत्येकाची तिन्ही बक्कलं हाताने ओढून पाहिलीस. मग स्वतःची मोटर पाठीवर चढवलीस, छातीचं बक्कल लावलंस, मांड्यांची लावणार तेवढ्यात तुझ्या हाताखाली शिकलेल्या हरप्रीतची मोटर सुरू होईना. तू तसाच गेलास, मागून त्याच्या मोटरची दोरी खेचून दिलीस, ती सुरू झाली, तू परत आलास. पंखाच्या दोऱ्या अडकवल्यास, आपली मोटर सुरू केलीस आणि धावायला लागलास. पाय सुटले आणि तू हार्नेसमधून खाली घसरलास. काखेत अडकलास. दोन्ही हात वर, एका मुठीत थ्रॉटल, मोटरचा जोर वाढवणारी कळ. लोंबकळणारा माणूस मूठ आवळणारच, त्यामुळे मोटर पूर्ण जोरात, तुला वर वर ओढत नेणारी. राखीव पॅराशूटची मूठ कमरेशी, तिथे हात पोचणार कसा? आणि खाली मुलं टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटलं सर काहीतरी नवीन करून दाखवतायत. यापुढचं मी लिहिणार नाही.

पोलीस ठाण्यातून तुझं सामान पोत्यात भरून मिळालं. ते मी उघडलं, वहिनीला उघडू दिलं नाही. छातीचा पट्टा डॉक्टरांनी की कुणी कापलेला होता. मांड्यांची दोन्ही बक्कलं नव्यासारखी होती. उघडी होती आणि एक ओरखडा नव्हता.

मला राग कशाचा येतो सांगू? तू विसरभोळा माणूस असतास तर मी रडून मोकळी झाले असते. तू तर गेटपर्यंत गेलेला परत यायचास गॅसचं बटण बघायला. अकोल्याला जाताना तिकिटं स्टेशनात पोहोचेपर्यंत तीन वेळा खिशातून काढून बघायचास. आई म्हणायची, "काहून रे, कागद काय पळून जाते काय तुह्या खिशातून?" आणि हाच माणूस, ज्याने मुलांना शिकवताना घसा कोरडा केला की तपासणी मधे थांबली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, त्यालाच मधे कुणीतरी हाक मारली आणि त्याने पहिल्यापासून सुरू केलं नाही. तुझ्याच शाळेत तू नापास झालास, दादा, आणि पुन्हा परीक्षेला बसायची सोय ठेवली नाहीस.

आपलं भांडणही तू अर्धं टाकून गेलास. दिवाळीत मी तुला नवीन हार्नेस घे म्हणत होते, ज्यात छातीच्या आणि मांड्यांच्या पट्ट्यांना जोडणारा एक जादा पट्टा असतो. एक बक्कल लावलं की दुसरं आपोआप धरून ठेवतं, विसरलं तरी माणूस खाली घसरत नाही. तू फराळाच्या ताटातली चकली मोडत म्हणालास, "ते नवशिक्यांसाठी असतं गं. मला लक्षात ठेवायला डोकं आहे." मी म्हटलं, डोकं सगळ्यांनाच असतं, म्हणूनच त्यावर हेल्मेट घालतात. तू हसलास आणि विषय बदललास. "बघू, पुढच्या सीझनला." कुठला सीझन, दादा? मी तुझ्याशी आणखी भांडायला तयार होते. मला वाटलं होतं उन्हाळ्यात तुला हरवेन.

तुझा पहिला पंख घरी आला तो दिवस मला आठवतोय. बाबांची बदली होऊन आपण अकोल्याहून इथे आलो, ते रिटायर होऊन इथेच राहिले, आणि सरकारी क्वार्टर सोडून आपण या फ्लॅटमध्ये आलो त्याच वर्षी. आईला वाटलं तू रजई मागवलीस. तू हॉलमध्ये तो पसरायला घेतलास, सोफ्यावरून, डायनिंग टेबलावरून, बाल्कनीपर्यंत नारिंगी कापडच कापड. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिला पाय ठेवायला जागा नाही. "हे पांघरून झोपते कोण?" तू म्हणालास, "आई, हे घेऊन उडायचं असतं." आई कापडाचं टोक चिमटीत धरून म्हणाली, "पंख फुटले काय तुले आता?" मग तिनेच खाली बसून एकेक दोरी बोटांनी मोकळी करून दिली, कारण तुला ती गुंतवळ सुटत नव्हती आणि तिचा जन्म लोकरीच्या गुंड्यांत गेला होता. पुढे कित्येक वर्षं बाल्कनीत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळल्याचा वास, जाळीसकट प्रॉपेलर सोफ्याला टेकलेला, आणि आई होती तोवर तिची अखंड कटकट. पण पाहुणे आले की तीच सांगायची, "माहा पोरगा उडते."

मी कधी उडले नाही. तुझं जमिनीवरचं माणूस मीच. पंख पसरायचा, दोऱ्या बघायच्या, गाडी न्यायची, चहाचा थर्मास सांभाळायचा. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. सायकलपासून गाडीपर्यंत सगळं तूच मला शिकवलंस, दर वेळी मागून धरून. सीटचा मागचा भाग तू सोडलास हे मला पुढे गेल्यावर कळायचं. बाबा गेल्यावर मी पीएचडी सोडायला निघाले होते, तेव्हा तू ओरडलास की खर्चाचं मी बघतो, तू फक्त ते जंतू बघ. ते मी अजून बघते आहे, सेक्टर एकोणचाळीसमधल्या प्रयोगशाळेत. तुला त्याबद्दल कधी नीट धन्यवाद म्हटलं नाही. आपल्याकडे भावाला थँक्यू म्हणायची पद्धत नाही, आणि म्हटलं असतं तर तू वर्षभर चिडवलं असतंस.

आणि वरून ओरडायचास ते. उतरताना तू मोटर बंद करायचास, मग एकदम सगळं शांत व्हायचं आणि आभाळातून तुझा आवाज यायचा, मराठीत, कारण त्या रानात मराठी कळणारी मी एकटीच. "नीलू, चहा काढ गं! आणि त्या हरप्रीतला सांग, पोट आत घे म्हणावं, पंखाला झेपत नाहीये!" हरप्रीत माझ्याकडे बघायचा, "दीदी, सर क्या बोल रहे हैं?" मी म्हणायचे, तुमची तारीफ चाललीय. तो खूश व्हायचा. एवढी मजा मला पुन्हा कुठे मिळणार आहे?

पण तारीफ तुलाही फार गोड लागायची, दादा. इथे माणसाला मान द्यायची पद्धतच अशी आहे की जी, सर, साब याशिवाय वाक्य पुरं होत नाही. सुरुवातीला तू हेमंत भाई होतास. मग हेमंत सर झालास. मग नुसता सर. तू गाडीतून उतरलास की कुणी तुझी बॅग घ्यायचं, कुणी मोटर उचलायचं, कुणी खुर्ची पुसायचं. तू सगळ्यांचे पट्टे ओढून बघायचास, तुझे कुणीच नाही. सरांच्या मांडीला हात कोण लावणार? मी लावायचे. मी तुझ्यासमोर जायचे, म्हणायचे "पाय फाकव," दोन्ही पट्टे खसाखसा ओढायचे आणि वर हेल्मेटवर एक टपली. मुलं तोंड फिरवून हसायची. एकदा तू मला गाडीमागे नेऊन सुनावलंस, "चारचौघांत नको करूस हे. शिकवतो मी इथे. काही मान ठेव." मी म्हटलं, मान घरी ठेवीन, इथे पट्टे ओढणारच. आणि मी ओढत राहिले. आमच्या प्रयोगशाळेत डायरेक्टर असोत नाहीतर काल आलेली मुलगी असो, हातमोजे-मास्क नीट आहेत हे दुसऱ्या माणसाने बघितल्याशिवाय आतल्या खोलीचं दार उघडत नाही. त्यात कुणाचा मान जात नाही. तुमच्या त्या रानात मात्र तुझा गेला असता.

ते पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं आठवतं? मागच्या थंडीत. तू निघायच्या तयारीत होतास आणि हरप्रीतने बिचकत बिचकत म्हटलं, "सर, आपका कैप थोड़ा ढीला लग रहा है." तू झाकण बघितलंस, ते घट्ट होतं. नुसतं "थैंक्यू बेटा" म्हणायचं होतं. तू सगळ्या मुलांसमोर म्हणालास, "पहले अपना देख. मुझे सिखाएगा?" मोठ्याने हसून म्हणालास, थट्टेत, हे मला कळलं. हरप्रीतला कळलं नाही. त्याचे कान लाल झाले आणि दिवसभर तो तुझ्याजवळ फिरकला नाही. मी तेव्हाच परतताना गाडीत तुला म्हटलं होतं, तू त्याचा पाणउतारा केलास. तू रेडिओ लावलास.

त्या रविवारी मी रानात नव्हते. प्रयोगशाळेतला जंतू वाढवायचा इन्क्युबेटर बिघडला होता, मी मेकॅनिकची वाट बघत तिथे बसले होते. आता जो तो मला सांगतो, "नीलूजी, आप होतीं तो..." काल तिघा-चौघांनी हे ऐकवलं, माझा हात हातात घेऊन. हे ओझं मी घेणार नाही, दादा. कुणी कितीही प्रेमाने माझ्या ओंजळीत ठेवलं तरी नाही. रान तुझं होतं, पट्टे तुझे होते, हात तुझे होते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने आपल्या जिवाची जबाबदारी धाकट्या बहिणीच्या रविवारच्या सुट्टीवर ठेवली असेल तर तो त्याचा गाढवपणा आहे.

मग मी शोकसभेत गप्प का बसले? वहिनीने हात जोडले म्हणून. हरप्रीतने आणि बाकीच्यांनी हॉस्पिटलमध्येच ठरवून टाकलं होतं की हवेचं सांगायचं, सर का नाम खराब नहीं होना चाहिए. मी वहिनीला पट्ट्यांचं सांगितलं तेव्हा तिने माझ्यासमोर हात जोडले. मग म्हणाली, "नीलू, हेमंतने आयुष्यभर सगळ्यांच्या चुका काढल्या. आता लोकांनी त्याची काढायची? ओवीने आपला बाबा विसरला म्हणून गेला असं ऐकायचं? त्यापेक्षा हवा बरी. हवेला कुणी नावं ठेवत नाही." तिचं तोंड असं झालं होतं की मी हो म्हटलं.

पण ओवीने हवेलाच धरलं. तिला हवेचंच सांगितलं होतं ना. सध्या इथे पानगळ चालू आहे, रस्त्यांवर पिवळ्या पानांचे ढीग, जरा वारा सुटला की सगळं सळसळतं. ओवी घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेते. कपडे वाळत घालायला वहिनी बाल्कनीत गेली की तिचा पदर धरून ठेवते. मी आले की पहिला प्रश्न, "आत्या, बाहर हवा कितनी है?" एका सकाळी वारा होता तर ती शाळेत गेलीच नाही. वहिनी म्हणाली पोट दुखतंय. पोट कसलं, पोरगी पडद्याआडून समोरची झाडं बघत होती. तुझा मान राखायला आम्ही तिला ही भीती दिली. तुझ्या लेकीला, जी तुझ्या पंखाखाली तंबू करून खेळत मोठी झाली.

शोकसभा संपली. हरप्रीतने शेवटी माइक घेऊन जाहीर केलं की येत्या रविवारी सगळे मिळून सरांना मानवंदना म्हणून उडतील आणि ग्रुप आता तो सांभाळेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर पार्किंगमध्ये दोन मुलं त्याची बॅग घेऊन चालली होती. एक म्हणाला, "सर, गाड़ी इधर है." हरप्रीतला सर. माझं डोकं फिरलं. मी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, "रविवार को तुम्हारे स्ट्रैप कौन चेक करेगा?"

"मेरे?" तो म्हणाला. "दीदी, मैं तो खुद..."

आणि थांबला. ते वाक्य पूर्ण कसं करायचं हे त्यालाच कळेना. आडवातिडवा धिप्पाड गडी, गाडीला टेकून हुंदके द्यायला लागला. मुलं लांब सरकली.

"दीदी, मैंने देखा था," तो म्हणाला. "सर मेरी मोटर स्टार्ट करके वापस जा रहे थे, तब पट्टे लटक रहे थे. दोनों. मैंने देखा. मुँह तक बात आई. फिर सोचा, सर हैं, सर को पता होगा. जाते-जाते लगा लेंगे. फिर से डाँट पड़ेगी सबके सामने." त्याने पगडीच्या टोकाने डोळे पुसले. "ओ जी, एक आवाज़ ही तो मारनी थी."

दादा, त्याला थोबडवावं असं मला वाटलं नाही. तुला थोबडवावं असं वाटलं. तू समोर असतास तर त्या पार्किंगमध्ये, सगळ्या सेक्टरसमोर, मी तुला थोबडवलं असतं. त्याने पाहिलं होतं. तुला वाचवणारा माणूस तुझ्यापासून चार पावलांवर उभा होता, त्याचे डोळे शाबूत होते, आणि तू एका झाकणावरून त्याची जीभ टाळ्याला चिकटवून ठेवली होतीस. सर व्हायची हौस तुला होती. मला एका हेमंतची गरज होती, नुसत्या, ज्याला कुणीही ओरडून सांगितलं असतं की अरे गाढवा, पट्टे लाव.

मी हरप्रीतला म्हटलं, चल. त्याने कुठे म्हणून विचारलं नाही. गाडीत एवढंच म्हणाला, "आप कहीं लिखोगी तो मेरा नाम मत छुपाना." म्हणून लपवलं नाही.

घरी वहिनी चादरींच्या घड्या करत होती. मी म्हटलं, "वहिनी, मी शब्द मोडतेय. मला हे जमणार नाही." ती काही बोलायच्या आत हरप्रीत दारातच उभा राहून म्हणाला, "भाभी जी, हवा नहीं थी." त्याने पायातले बूट काढले होते आणि आत यायचं त्याला सुचत नव्हतं.

ओवी आतल्या खोलीतून बाहेर आली. "क्या मतलब, हवा नहीं थी?"

वहिनी म्हणाली, "नीलू, नको." मी खाली बसले, ओवीच्या उंचीला आले आणि तिला मराठीत सांगितलं, तू तिच्याशी बोलायचास तसं. "बाबाने पायाचे पट्टे लावले नव्हते. लावणार होता, मधे दुसऱ्याच्या मदतीला गेला आणि परत आल्यावर विसरला. वारा काहीच नव्हता त्या दिवशी."

"पापा भूल गए?" तिचा विश्वास बसेना. "पापा तो मेरी साइकिल का हेलमेट भी दो बार चेक करते हैं."

"हो."

"तो अपना क्यों नहीं किया?"

याचं उत्तर तुला येत असेल तर बघ. हरप्रीत पुढे झाला आणि म्हणाला, "बेटा, मैंने देख लिया था. मैं बोला नहीं."

"क्यों?"

"सर थे वो."

ओवीने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. "तो?" म्हणाली.

एवढंच. एवढा साधा प्रश्न तुमच्या त्या सगळ्या रानात इतकी वर्षं कुणाला सुचला नव्हता. हरप्रीत वहिनीच्या पायाशी वाकला आणि म्हणाला की रविवारी कुणी उडणार नाही, तो सगळ्यांना बोलावून जे पाहिलं ते सांगणार आहे, आणि यापुढे सगळ्यात नवा मुलगा सगळ्यात जुन्याचे पट्टे ओढून बघेल, हरप्रीतचेही. ओवी खोलीत गेली आणि तिने दार असं आपटलं की तुझ्या फोटोचा हार सरकला. तेव्हा वहिनी रडली, तू गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणाने. मला म्हणाली, "बघ काय केलंस तू." हरप्रीत चहा न घेता गेला.

संध्याकाळी मी वरणभात टाकला. बाहेर वारा उठला होता, स्वयंपाकघराची खिडकी मी फोडणीच्या धुरासाठी उघडली होती ती तशीच राहिली होती, आणि ओवी खोलीतून बाहेर येऊन टेबलाशी बसली. डोळे सुजलेले, कपाळाला आठ्या, हुबेहूब तुझ्यासारख्या. खिडकीची झडप दोनदा आपटली. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. भात कालवत, तोंडात घास असतानाच ती बोलायला लागली. "स्टुपिड," म्हणाली. "स्टुपिड पापा. सबको सिखाते थे. दो मिनट लगते हैं, बस दो मिनट. इतने बड़े सर बने फिरते थे." आवाज वाढत वाढत गेला, शेजारी ऐकू जाईल इतका.

वहिनी तिला गप्प करायला उठली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि म्हटलं, बोलू दे तिला.